अक्कांचा चौकोन

बाळीवेस, सोलापूर
मंगळवार, १ जुलै २०२५

ईरम्मा अक्का, शरणु.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपांना निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचता तेवढं नक्की. शेवटी पत्र लिहायला बसले. गुंडा ज्वारीची पोती आणायला टेम्पो घेऊन आठवड्यातून दोनदा मंद्रूपला येतोच, त्याच्या हाती देते आहे. सोबत आपल्या भाकरीच्या पत्र्याच्या डब्यातून शेंगाचटणी पाठवली आहे. तुमच्या नंदीशला आवडते. तुम्हाला आवडते असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही रागावलेल्या आहात.

तुम्ही आपला तवा उचलून लेकाकडे निघून गेलात त्याला आज वीस दिवस झाले. इथे सगळं उत्तम चाललं आहे. नऊपैकी आठ चुली पेटतात. दाराजवळची तुमची रिकामी आहे. जागा वाया जाऊ नये म्हणून मी तिच्यावर पिठाचं पोतं ठेवलं होतं, ते नागूबाईने मला न विचारता उचलून बाजूला केलं. शिस्त म्हणून राहिलेली नाही.

राहता राहिला तो तक्ता. अक्का, मी सात दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण उगाच केलं का? चैताली मॅडमनी तिथे शिकवलं की कोण कोणाच्या हाताखाली हे ज्या धंद्यात कागदावर नसतं, त्याला संस्था म्हणत नाहीत, गर्दी म्हणतात. आपण दोघी जावांनी अठरा वर्षं कडक भाकरीची गर्दी चालवली हे ऐकून मला लाज वाटली. म्हणून तक्ता काढला. तक्त्याला सगळ्यात वर एक चौकोन लागतोच, नाहीतर बाण सोडायचे कुठून? त्यात माझं नाव गेलं कारण पेन माझ्या हातात होतं. तुमचा चौकोन खाली होता, पण सगळ्यांत मोठा होता. पट्टीने मोजून काढला होता. तुम्ही मापाकडे पाहिलंच नाही.

आणि नोंदणीच्या फॉर्मचं म्हणाल, तर तिथे 'एकल मालकी' एवढा एकच रकाना होता. सरकारी फॉर्मपुढे मी काय करणार?

कळावे,
सिद्धम्मा
मुख्य कार्यकारी अधिकारी

ता.क. डबा परत पाठवा. रिकामा.


मंगळवार, ८ जुलै २०२५

ईरम्मा अक्का, शरणु.

डबा परत आला. भरलेला. मी मारलेली दोरीची गाठसुद्धा तशीच. गुंडाला विचारलं, अक्का काय म्हणाल्या? तो म्हणाला, "काय न्हाय म्हणल्या. डबा हातात घेतला, बोटानं टकटक करून बघितला आन् माज्याच हातात दिला. लई तापल्यात की हो." तुम्ही डबा वाजवून पाहिलात हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठीक आहे. गुंडा म्हणतो, सुनेचे पापडही तुम्ही वाजवून घेता आणि नंदीशच्या दुकानातल्या खताच्या पोत्यांनाही सोडत नाही. जपा.

इकडे चैताली मॅडम शेड बघायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की धंदा चार भिंतींच्या आत चालतो असं आपल्याला वाटतं, पण त्याला बाहेरून सरकार, बाजार, हवापाणी, शेजारपाजार, सणवार हे सगळं सतत धक्के देत असतं. त्याला धंद्याचं वातावरण म्हणतात. दर आठवड्याला ते कागदावर मांडायचं. मी त्यांच्यासमोरच मांडून दाखवलं.

सरकार: तपासणीवाले येऊन गेले. चहा घेतला नाही, काळजी वाटते.
बाजार: पलीकडच्या गल्लीत दोघींनी लाल रंगाची भाकरी सुरू केली आहे.
हवा: दमट.
सणवार: विशेष नाही.

मग आपली बलस्थानं आणि आपल्या दुबळ्या बाजू लिहायच्या होत्या. दुबळ्या बाजूत मी आमच्या यांचं नाव लिहिलं. नवी पेठेतल्या आपल्या दुकानात बसतात म्हणून तक्त्यात त्यांना 'विक्री प्रमुख' केलं, तर त्या दिवसापासून पुडा उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. म्हणतात, ते वितरणाचं काम आहे, हा शिवयोगी फक्त विक्री बघतो. नागूबाईचं तर विचारूच नका. तिला 'उत्पादन सहायक' केलं, तर कमरेवर हात ठेवून विचारते, "सहायक कुणाची? अक्का तर हितं न्हाईत."

आता मुख्य बातमी. पुण्याहून सोमेश नावाच्या साहेबांचा फोन आला. त्यांची बावीस दुकानं आहेत आणि त्यांना आपली भाकरी हवी आहे. अटी दोनच. भाकरी पंचेचाळीस दिवस कडक राहिली पाहिजे आणि ती होताना ते स्वतः बघणार. हे जमलं तर आणखी दहा चुली मांडाव्या लागतील, अक्का. कधी येऊ म्हणाले. मी क्षणात सांगितलं, एकोणतीस जुलै, मंगळवार, सकाळी दहा. कोणाला विचारलं नाही. मुख्य कार्यकारी माणूस असंच करतो.

तुम्ही त्या दिवशी नसलात तरी चालेल. मी फक्त कळवते आहे.

सिद्धम्मा
मुख्य कार्यकारी

ता.क. डबा पुन्हा पाठवते आहे. चटणी ताजी घातली आहे.


गुरुवार, १७ जुलै २०२५

अक्का, शरणु.

डबा परत मिळाला. भरलेला. त्यावर काही बोलत नाही.

मागच्या पत्रात हवा दमट आहे असं लिहिलं होतं. खरं सांगायचं तर दमट आपली भाकरी आहे. तुम्ही गेल्यापासून नवव्या-दहाव्या दिवशी ती मऊ पडते. परवा दुकानात आमच्या यांनी गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून पुड्यातली भाकरी काढली, तर ती मोडलीच नाही, वाकली. हे तिची सुरळी करून गिऱ्हाइकाकडे बघत बसले. कुर्डुवाडीचे रेल्वेतले धोंडिराम काका, जे बारा वर्षं आपली भाकरी नेतात, ते पुडा कानाशी हलवून म्हणाले, "ही बोलत न्हाय की ओ." आणि न घेता गेले.

पीठ तेच, चुली त्याच, बायका त्याच. मग राहिलं काय? तुमची टकटक राहिली. तव्यावरून काढलेली भाकरी आपण निखाऱ्याच्या कडेला उभी करतो, आणि मग तुम्ही एकेकीला बोटाच्या पेराने वाजवून कान देत होतात. बोलली तर पुड्यात, नाही तर मऊच्या टोपलीत. मऊच्या टोपलीतल्या बायका घरी न्यायच्या. मला वाटायचं, अक्कांची सवय आहे, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो. तक्त्यात मी त्या कामासाठी चौकोनसुद्धा ठेवला नव्हता. आता मी वाजवून पाहते, तर मला सगळ्या भाकऱ्या सारख्याच बोलतात. काल एक तर मी इतक्या जोरात वाजवली की बोट आत गेलं.

चैताली मॅडम पुन्हा आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीला बाहेर नेऊन वेगवेगळं विचारलं की तुम्ही कामाचं कोणाला विचारता? सातच्या सात जणींनी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही गावात नसताना! शेवटी मला बसवलं.

"काकू, निर्णय कोण घेतं?"

"मी."

"घेतल्यावर कोणाला सांगता?"

"अक्कांना."

"आणि त्या नको म्हणाल्या तर?"

"मग तो निर्णय झालेलाच नसतो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खूप वेळ वर पाहिलं नाही. हसत होत्या.

हे सगळं मी सांगणार नव्हते. पण आज आणखी एक गोष्ट झाली. दानेश्वरी नव्या बांगड्या दाखवत विचारायला आली, "काकू, एकोणतीसला सुट्टी हाय नव्हं? पंचमीला?"

अक्का, एकोणतीस जुलैला नागपंचमी आहे. त्या दिवशी तवा पालथा असतो. आदल्या दिवशी भाकरी करून ठेवायची आणि पंचमीला तव्याला हात लावायचा नाही, हे मला वयाच्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे. आणि मी साहेबांना भाकरी भाजताना बघायला त्याच दिवशी बोलावलं आहे. तारखा, सण, उपास हे सगळं तुम्ही बघायच्या, म्हणून मी अठरा वर्षांत कॅलेंडरकडे पाहिलंच नाही. कॅलेंडर होतं, भिंतीवरच होतं. मी तक्ता त्याच्यावर लावला होता.

सिद्धम्मा
कार्यकारी

ता.क. या वेळी डबा इथेच ठेवला आहे.


गुरुवार, २४ जुलै २०२५

अक्का, शरणु.

सोमेश साहेबांना फोन केला. तारीख बदलत नाही. एकोणतीसला सोलापूर करून त्यांना पुढे हैदराबादला जायचं आहे, आणि त्यानंतर यादी पक्की होणार. बायकांना विचारून पाहिलं की एकच चूल, एकच तवा, अर्धा तास? सातही जणींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच विषय बदलला. खरं सांगू का, कोणी हो म्हणालं असतं तरी माझाच हात गेला नसता.

दुसरा मार्गही नाही. आदल्या दिवशी केलेली भाकरी दाखवली तर ती एका दिवसाची. साहेबांना पंचेचाळीस दिवसांची हवी, आणि आपल्या शेडमध्ये तुम्ही गेल्यानंतरची जी आहे तिचा रुमाल करून घाम पुसता येईल.

म्हणून आता खरं लिहिते. फॉर्मवर एकच रकाना नव्हता. पाच होते. एकल मालकी, भागीदारी, सहकारी संस्था, कंपनी आणि इतर. चैताली मॅडमनी प्रत्येकाचा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता. मला सगळं कळत होतं. भागीदारीचा रकाना दुसराच होता, बोटभर अंतरावर. मी पहिल्यावर खूण केली.

का केली ते सांगते, मग हवं तर पत्र फाडा. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सगळ्या जणी उभ्या राहून ओळख करून देत होत्या. कोणी मसाल्याची मालकीण, कोणी पिशव्यांची. माझी पाळी आली तर मागून एक बाई म्हणाली, "ही ईरम्मा अक्कांची धाकटी जाऊ." सगळ्या आदराने माझ्याकडे बघायला लागल्या. तुमच्यामुळे! लग्न होऊन आले तेव्हापासून मी तीच आहे. पीठ मी मळते, दुकानं मी फिरते, लायसनसाठी रांगेत मी उभी राहते, आणि नाव विचारलं की धाकटी जाऊ. मला एकदा, एका कागदावर, नुसती सिद्धम्मा व्हायचं होतं. त्यासाठी तुमचं नाव पुसायची गरज नव्हती, हे मला तुमची चूल रिकामी झाल्यावर कळलं. चुकलं माझं. मला तुमची फार आठवण येते.

तवा लावायला बोलवत नाही. नुसत्या या. साहेबांना काय सांगायचं ते तुम्हाला सुचेल. मला सुचत नाही.

डब्यात पंचमीचे लाडू आहेत. बेसनाचे, तुमच्या पद्धतीचे, म्हणजे वेलदोडा जास्त.

सिद्धम्मा


बुधवार, ३० जुलै २०२५

अक्का,

तुम्ही आला नाहीत. सोमवारी संध्याकाळी गुंडाने डबा तेवढा आणून दिला. जड होता, दोरी बांधलेली. मी उघडला नाही. एकाच डब्यातून किती वेळा अपमान चाखायचा? फळीवर ठेवून दिला आणि यांच्यावर उगाच ओरडले.

काल दहाला साहेब आले. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, हातात वही घेऊन, स्वच्छतेची पूर्ण तयारी करून. आत बघतात तर नऊ चुली थंड, आठ तवे पालथे, बायका नव्या साड्या नेसून हिरव्या बांगड्या भरून बसलेल्या, आणि शेडच्या तुळईला बांधलेल्या झोक्यावर नागूबाई. पाय छताला लावत होती.

"उत्पादन कुठे चालू आहे?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "आज वार्षिक देखभाल आहे."

हे मला कुठून सुचलं देव जाणे. साहेब झोक्याकडे बघत होते. नागूबाई वरूनच ओरडली, "पंचमी हाय सायेब! आज तव्याला कोन हात लावत न्हाय. काकू खोटं बोलत्यात, तुमी बसा, लाडू खावा!" आणि झोका थांबवून तिने फळीवरचा तुमचा डबा काढला, कारण लाडू त्यात आहेत हे तिला माहीत होतं. मी नको नको म्हणेपर्यंत दोरी सुटली.

लाडू नव्हते. पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या होत्या. वर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. "१२ जून. मंद्रूप."

अक्का, बारा जून! तुम्ही अकराला रागावून गेलात आणि बाराला चूल मांडून भाकऱ्या करत बसलात?

साहेबांनी मोबाइलवर दिवस मोजले. सत्तेचाळीस. एक भाकरी उचलून त्यांनी मोडली, तर असा कडाका झाला की झोक्याकडच्या बायकांनी वळून पाहिलं. तीन भाकऱ्या त्यांनी उभ्यानेच खाल्ल्या, नुसत्या. मग विचारलं, "ही कोणाच्या हातची? मालाची तपासणी कोण करतं?"

"ईरम्मा अक्का," मी म्हणाले.

साहेब भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेले आणि चष्मा वर करून शोधायला लागले. "इथे त्या उत्पादनात दिसतात. तपासणीचा चौकोन नाही."

मी तक्ता काढला आणि घडी घालून पिठाच्या पोत्याखाली सरकवला. म्हणाले, "साहेब, तो चुकलाय. त्यांचं काम चौकोनात बसत नाही. आणि आज देखभाल नाही, पंचमीच आहे. तारीख देताना मी कॅलेंडर बघितलं नव्हतं." वाटलं, आता हे वही मिटून जातील. ते म्हणाले, त्यांच्या घरीही आई पंचमीला तवा पालथा घालते, आणि येताना त्यांना तेच कोडं पडलं होतं की इथे भाजणार कोण. मग विचारायचं नाही का फोनवर? तर म्हणे, "तुम्ही इतक्या ठामपणे तारीख दिलीत, मला वाटलं तुमच्याकडे काहीतरी वेगळी पद्धत असेल."

यादीत आपलं नाव घातलं आहे. एका अटीवर. भाकरीमागचा कान बदलायचा नाही.

पत्रासोबत भागीदारीचा कागद आहे. चैताली मॅडमकडून तपासून घेतला. खाली दोन ओळी आहेत, पहिला भागीदार आणि दुसरा भागीदार. मी अजून सही केलेली नाही. पहिली ओळ तुमची. तुम्ही केलीत की खाली मी करेन. तुम्हाला नसेल करायची तर कागद परत पाठवा, मी साहेबांना खरं कारण कळवेन. डबा मात्र पाठवत नाही. त्यातल्या उरलेल्या भाकऱ्या बायकांनी वाटून घेतल्या आणि मला अर्धी ठेवली.

तुमची धाकटी जाऊ,
सिद्धम्मा


बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

अक्का, शरणु.

तुमच्यापासून पाच पावलांवर बसून हे पत्र लिहिते आहे. गुंडा मधे उभा आहे. तो म्हणतो, "काकू, मंद्रूपचं भाडं परवडलं, हे हितल्या हितं मला झेपत न्हाय." तरी देईल. तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर दुसरा उपाय काय?

काल सकाळी तुम्ही टेम्पोतून उतरलात, तवा काखेत घेऊन. कोणाशी बोलला नाहीत. दाराजवळची चूल सारवली, तवा ठेवला, माझ्याकडे न बघता कागद माझ्या पोळपाटावर टाकलात आणि पाठ फिरवून बसलात. भिंतीकडे पाहिलंत, तिथे आता कॅलेंडर आहे. मला वाटलं, सही नसणारच.

सही होती. ईरम्मा, मोठ्या अक्षरात, दुसऱ्या ओळीवर. पहिली ओळ तुम्ही रिकामी ठेवली होती आणि तिच्या कडेला पेन्सिलीने बारीक फुली मारली होती, नवख्या माणसाला सही कुठे करायची ते दाखवायला मारतात तशी. मी कागद घेऊन मागे मोरीपाशी गेले. डोळ्यांत धूर गेला असं नागूबाईला सांगितलं. तिकडे चूल नाही, हे तिने मला दाखवून दिलं.

मग मी सही केली. नुसतं सिद्धम्मा. वर.

 आज सकाळी माझी पहिली भाकरी कडेला उभी राहिली. तुम्ही उठलात, ती उचललीत, टक् केलंत, कान दिलात, आणि सगळ्यांच्या देखत मऊच्या टोपलीत टाकलीत. पहिल्या भागीदाराची भाकरी! दुसरी केली, तीही गेली. तिसरी हातात धरून तुम्ही जरा थांबलात, तेव्हा सातही जणींची लाटणी थांबली होती. तीही टोपलीत गेली. अक्का, तुम्ही घरी नव्हतात तेव्हा माझी एकही भाकरी कोणी नाकारली नाही आणि मला एक दिवस धड झोप लागली नाही. आज तीन परत आल्या आणि मी इथे बसून वेड्यासारखी हसते आहे.

पण बोला की आता. छप्पन्न दिवस झाले. रागवा, तक्त्याचं काढा, फॉर्मचं काढा, मी सगळं ऐकून घेईन. चैताली मॅडम चारला नवा तक्ता काढायला येणार आहेत आणि मी त्यांना सांगणार आहे की तुमचा चौकोन कुठे काढायचा ते मला

अक्का, तुम्ही आत्ता बोललात. मान न वळवता, पण बोललात. "सिद्धम्मा, लिहीत काय बसलीस, तव्यावर भाकरी जळाया लागली."

उठते.

सिद्धम्मा
दुसरी चूल